हरण्याच्या कंड्यातला बिल्ला

कोरेगाव, ज्येष्ठ वद्य दशमी

नाथाजीस,

थोरल्या बहिणीचा, रंगूबाईचा, तुझ्या डोक्यावर हात. तू, मनुबाई, पोरंबाळं आणि गोठ्यातली मंडळी खुशाल असाल. तुझ्या गुडघ्यांची चौकशी करत नाही, कारण एकदा विचारलं की तू पानभर उत्तर धाडतोस. माझं बरं आहे. दात तीन उरलेत, पण एकाची दुसऱ्याशी गाठ पडत नाही. पत्र शाळामास्तरांच्या शालूबाई लिहून घेतायत. (मी 'हाय' म्हणते, त्या 'आहे' लिहितात. तेव्हा बहीण एवढी शुद्ध कधीपासून बोलायला लागली म्हणून घाबरू नकोस.)

तुझे दाजी माघात गेले तेव्हा तू तेरा दिवस इथं राहिलास, लाकडं फोडलीस, आणि मी रडत नाही म्हणून माझ्या वाटणीचंही रडलास. ते मी विसरले नाही. तुझा बैल मेला होता म्हणून दाजींनी शेवटच्या दुखण्यात सांगून ठेवलं होतं, हरण्या नाथाला द्या. आपल्यात बैल मोकळ्या गळ्यानं दुसऱ्याच्या दावणीला पाठवत नाहीत. म्हणून मीच त्याचा बेंदराचा साज, झूल, गोंडे, गळ्यातला विणलेला कंडा, सगळं पेटीत घालून तुझ्या गाडीत ठेवलं. आता मी काय करून बसले ते ऐक.

मागल्या सोमवारी साताऱ्याहून एक कारकून आला. येत्या गुरुवारी तिथं लढाईवाल्यांची सभा भरणार, मागं राहिलेल्या बायकांनी नवऱ्याला लढाईत मिळालेला बिल्ला पदराला लावून यायचं, आणि नाव पुकारलं की उठून उभं राहायचं. त्यानं मला नवऱ्याचं नाव विचारलं. मी म्हटलं, गावाला विचार. त्याला वाटलं, म्हातारीला ठाऊकच नाही. शेवटी मानसिंगानं (आपला नातू, इटलीच्या लढाईतून आलाय, पाय अजून ओढतो) "हवालदार लालासाहेब" असं खणखणीत सांगितलं, आणि वर मला म्हणाला, "आजी, आज्याचा बिल्ला तुज्या पदराला बघायचाय मला."

झालं, शोधाशोध सुरू. ट्रंक उपसली, उतरंड उतरवली. सुनेनं कणगीत हात घातला तर मी लपवून विसरलेली सुपारीची पिशवी निघाली आणि घरात होती नव्हती ती अब्रू गेली. बिल्ला नाही. चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. (खाल्लं, पण गोड लागलं नाही.) त्या माणसानं आयुष्यात जपावी अशी एक वस्तू कमावली, ती माझ्या हातनं हरवावी, या विचारानं जीव थाऱ्यावर नव्हता.

तेवढ्यात दोर वळणारा कृष्णात आला. म्हणाला, "म्हातारे, कुठं शोधतियास? म्हाताऱ्यानं त्यो माज्याकडनंच हरण्याच्या कंड्यात शिवून घेतलाय. धा वर्सं झाली." आणि तो कंडा मी माझ्या हातानं तुझ्या गाडीत ठेवला.

का शिवला ते मला विचारावं लागलं नाही. पहिल्या मोठ्या लढाईतली, बसऱ्याकडची त्यांची गोष्ट तुला पाठ आहे. त्यातले तुर्क दर वर्षी वाढायचे. आपल्या पोरांना सांगताना चाळीस होते, मानसिंगाच्या वेळेस चारशे झाले. खेचर मात्र पहिल्यापासून एकच. गोळ्या चालू असताना नदीवरून त्याच्या पाठीवर पखाली लादून, त्याच्याच आडोशानं वाकून चालत, ह्यांनी जखमींना पाणी पोचवलं. तिसऱ्या खेपेला खेचर पडलं, तेव्हा पखाल स्वतःच्या पाठीवर घेतली. बिल्ला ह्यांच्या छातीला लागला. "खेचराला मूठभर चणं बी कुणी जादा दिलं न्हाईत," एवढं म्हणायचे आणि उठून जायचे.

पण घरी आल्यावर माझ्या कमरेवर घागर म्हणून चढू दिली नाही. पंचवीस वर्षं विहिरीचं पाणी ह्यांनी आणलं. पारावरचे टवाळ विचारायचे, "हवालदार, बायकूची पखाल भरली का?" हे म्हणायचे, "व्हय, तुमच्या बायकूची बी भरून देऊ का?" मी लाजेनं अर्धी व्हायची. आता रोज पहिला तांब्या उचलताना त्यांना हात जोडते. जिवंत होते तेव्हा मात्र "किती सांडलंत" याच्यापलीकडं काही बोलले नाही.

मनुबाईस आशीर्वाद.

तुझी बहीण, जिची सही म्हणजे अंगठा,
रंगूबाई

ता. क. कृष्णात हे पत्र घेऊन येतोय. कंडा नीट उसवून बिल्ला त्याच्याजवळ दे. बुधवारपर्यंत पोचला पाहिजे. मनुबाईच्या हाती लागू देऊ नकोस, ती घासूनपुसून गळ्यात घालील.

आणखी ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून शालूबाईंना पुन्हा बसवलंय. उसवू नकोस. साताऱ्याला मी रिकाम्या पदरानं जाईन. कारकुनानं विचारलं तर सांगेन, बिल्ला ड्यूटीवर हाय. मानसिंगाला हे सांगितलं, तर गडी हसला आणि पाय ओढत घागर घेऊन विहिरीवर गेला.

शेवटचं ता. क. बेंदराला मी तुझ्याकडं येते. मिरजेला गाडी बदलून दुपारी पोचेन, स्टेशनावर कुणाला तरी पाठव. यंदा हरण्याला कंडा बांधायला दाजी नाहीत. मी येईपर्यंत पेटी उघडू नकोस, गाठ मी मारीन.