मेरीपुढचा दिवा

सांगली, बुधवार, ८ डिसेंबर १९७१

चर्चमधल्या मेरीच्या पुतळ्यापुढचे विजेचे जुने दिवे सारखे लुकलुकत होते, म्हणून मीच मिस्त्रीला बोलावलं. दुरुस्तीसाठी त्यानं मुख्य बटण बंद केलं, सगळे दिवे विझले, आणि आष्ट्याच्या तानूबाईंनी त्याचीच पक्कड उचलून त्याच्या कपाळावर घातली. त्यांचा मुलगा लढाईवर आहे. तो सुखरूप राहावा म्हणून रोज येऊन त्याच्या नावाचा एक दिवा लावतात.

"माज्या पोराचा दिवा इझवलास व्हय रं?"

मी धरायला गेले, तर मनगटावर फटका. हाडावर लोखंडाचा तो आवाज! आमच्या शाळेतल्या मेरीपुढची मेणबत्ती विझली तर शेजारच्या मेणबत्तीवरून पेटवायचो. किती सोपं होतं.

मिस्त्रीच्या कपाळावरचं रक्त डोळ्यात ओघळत होतं. दवाखान्यात चल म्हटलं.

"आदी दिवा लावतो. न्हाईतर मावशी जित्ता सोडायची न्हाई."

दिवा लागला. तरी तानूबाई पक्कड घेऊन बटणापाशीच बसून राहिल्या.