चुंबळीच्या जागी

प्रिय मंजूबाय,

आज दुपारी तुझं लाल फडकं सोडलं, म्हणून तुला लिहायला बसले. इतकी वर्षं ते माझ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात होतं आणि कपाट उघडताना मी मान वर करायची नाही. तिसरी शिकलेली मी, जोडाक्षराला अडखळते. चुकलं असेल तिथे सांभाळून घे. तू तर शाळेची पायरीही चढली नाहीस, तेव्हा तुला काय कळणार म्हणा काय चुकलंय ते.

फडक्यात तुझी जट आहे. तू जायच्या आदल्या वर्षी ती आपली आपण तुटून पडली, तेव्हा दादाने हळदकुंकू लावून ती बांधून ठेवली. तू गेल्यावर वहिनीला ती घरात नको वाटायला लागली. "जनाबाय, तुमची बहीन, तुमीच न्या," म्हणाली. शिरवण्याहून सानपाड्यापर्यंत रिक्षात मांडीवर घेऊन आले. झोपलेल्या मांजराएवढं वजन. सगळा रस्ता वाटत होतं, आता ते अंग हलवील.

तेव्हापासून तू माझ्या घरात आहेस. मंगळवारी कपाटातून खोबरेल आणि कुंकवाचा वास येतो. सुप्रिया, माझी सून, म्हणते, "आई, डांबरगोळ्या ठेवा." ठेवल्या. डांबरगोळ्यांचाही वास येतो आणि तुझाही येतो.

आणि तुझा तो प्रश्न. मी भाजी निवडत असते, कुकरची शिट्टी होते, आणि शिट्टी थांबली की मागून ऐकू येतं, "जने, बघ ना गो, आत काय हाय?" लहानपणी विचारायचीस तसंच. तू माझ्यापुढे डोकं वाकवायचीस आणि मी बोट मागे घ्यायची. आत नाग असतो म्हणून सगळ्यांनी सांगितलेलं. मी केवढी होते तेव्हा? तुझ्या कमरेला लागत होते.

पण आधी ऊर्वीचं सांगते, नाहीतर पुढचं तुला कळायचं नाही.

ऊर्वी म्हणजे माझी नात. तू पाहिलीस ती टोपड्यातली. आता अकरावीला गेली. तिचे केस तुझ्यावर गेलेत, बाय. जावळ काढल्यावर जे उगवले ते स्प्रिंगसारखे. सुप्रिया साताऱ्याकडची, तिच्या माहेरी सगळ्यांचे केस सरळ. ती रोज सकाळी शाळेच्या घाईत ते केस सुके विंचरायची, बारीक कंगव्याने, वरून खाली. पोर रडायची आणि केस नुसते झाडूसारखे उभे राहायचे. मग दर मे महिन्यात कानापर्यंत कापायचे. कुरळे केस वाढतच नाहीत, असं आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो.

मग ऊर्वी चौथीत गेली आणि मोबाईलवर कुठलेतरी व्हिडिओ बघायला लागली. एक दिवस मला म्हणते, "आजी, कुरळे केस सुके विंचरायचेच नसतात. ओले करायचे, कंडिशनर लावायचं, बोटांनी सोडवायचे. आणि वरून नाही, खालून. आधी टोक, मग त्याच्या वर, मग त्याच्या वर."

मी म्हटलं, "आम्ही काय जन्मभर उलटं विंचरत होतो?"

"हो," म्हणाली. लाज नाही पोरीला.

त्या दिवसापासून कैची बंद. जवस उकळून त्याचा चिकट रस गाळून डोक्याला लावते. आपण जवसाची चटणी खायचो, ही केसांना खाऊ घालते. सुती उशीवर केस घासतात म्हणून मी माझ्या जुन्या साटीनच्या ब्लाउजपिसाचा अभ्रा शिवून दिला. आणि काय सांगू तुला, केस वाढले. वाळले की कमरेपर्यंत दिसतात, पण न्हाऊन ओले असताना गुडघ्याच्या खाली जातात. कुरळा केस आपली लांबी लपवून ठेवतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हातातलं सोडून बाथरूमच्या दारात उभी राहिले. ती म्हणाली, "आजी, दार लाव ना." मी कुठली लावते.

सोसायटीतल्या बायका लिफ्टमध्ये हात लावून बघतात. खरे आहेत का म्हणून विचारतात. मी सांगते, आमच्या मंजूबायचे आहेत. त्यांना वाटतं, मंजूबाय म्हणजे कुठलं तरी तेल.

आता खरं ते. गेल्या महिन्यात ऊर्वीला टायफॉईड झाला. दवाखान्यात ठेवली. त्या घाईत साटीनचा अभ्रा घरीच राहिला आणि पोर तिथल्या जाड सुती उशीवर तापात डोकं घासत पडून राहिली. केसांचं भान कोणाला होतं? घरी आणली, बिछान्यावर बसवली, तर डोक्यामागे हात नेऊन म्हणते, "आजी, इथे काहीतरी आहे."

मी हात लावला. बाय, माझा हात आपसूक मागे आला. मुठीएवढा गोळा, भिजलेल्या काथ्यासारखा. तोच. तुझ्याच डोक्यावरचा. आणि कुकर नाही, शिट्टी नाही, भर दिवसा अगदी कानाशी, "जने, बघ ना गो, आत काय हाय?"

त्याच संध्याकाळी वन्स आल्या, तुर्भ्याहून, शहाळी घेऊन. गोमावन्स तुला आठवतात ना, माझी नणंद, तुझ्याबरोबर मिठागरावर मीठ वाहायला यायच्या. त्यांनी ऊर्वीच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला आणि तो तिथेच थांबला. मग शहाळी खाली ठेवून दोन्ही हात जोडले.

"आली गो आली. मंजूची आली."

"काय आलं, आत्या?" सुप्रियाने विचारलं.

"जट. तिच्या मावशीआजीची. घरान्यात होतीच ती, आता पोरीला धरलीन. कैची लावायची नाय हा सुनबाई. आजारातून उठवली ती देवीनंच."

"आत्या, तो गुंता आहे. टेन्शन घेऊ नका. उद्या पार्लरमध्ये जाऊन मुळातून कापून टाकू. केस काय, परत येतील."

"काप. काप आनि मग बघ घरावर काय येतं ते."

मधे ऊर्वी. एकीला तिच्या डोक्याला कोणी हातही लावायला नको होता आणि दुसरीला केस मुळातून कापायचे होते. पोरीच्या डोळ्यांतून नुसतं पाणी आणि दोन्ही हातांनी केस पोटाशी धरलेले. एवढ्या वर्षांचं तिचं कष्टाचं होतं ते. मला तिथे ऊर्वी दिसेनाच. तू दिसायला लागलीस, आपल्या ओटीवर, अशीच पोटाशी हात धरून.

तुला ताप आला तो मिठाचा हंगाम संपता संपता. आयेने देवीला साकडं घातलं. ताप उतरला आणि डोक्यात तो गोळा राहिला. आयेला वाटलं, देवीने लेक परत दिली आणि खूण ठेवली. तिच्यावर मी रागावत नाही. लेक वाचलेली बाई दुसरं काय म्हणणार? पण मग फणी बंद झाली. ठरत आलेलं लग्न राहिलं, देवीची पोर कोण घरात घेणार? मंगळवारी बायका पाया पडायला यायच्या आणि त्या गेल्या की तू मान भिंतीला टेकून म्हणायचीस, "जने, मान धरलीय गो." जट वाढत वाढत कमरेखाली गेली. तुला कुशीवर झोपता यायचं नाही. सणाला आम्ही गजरे माळायचो आणि तू आमचे गजरे ओवून द्यायचीस.

तू एकदाही आमच्यावर चिडली का नाहीस? मला अजून त्याचा राग येतो. एकदा तरी आदळआपट करायची होतीस.

तर त्या संध्याकाळी ऊर्वीच्या मागे उभी राहून मी तो गोळा बघत होते आणि माझी नजर उशीवर गेली. गोळा कुठे? डोकं उशीला टेकतं तिथेच. बरोब्बर तेवढाच, इकडे नाही, तिकडे नाही.

मी म्हटलं, "वन्स, मंजूबायची जट कुठं होती हो?"

"मदोमद. टालूवर. देवीच्या मुकुटासारी."

"मिठाची पाटी डोक्यावर घ्यायच्या तेव्हा पाटीखाली तिथं काय ठेवायच्या तुम्ही?"

वन्सनी आपला हात आपल्याच टाळूवर नेला. त्यांच्या टाळूवर रुपयाएवढी जागा उघडी आहे, तरुणपणापासून. पदराखाली झाकतात.

"चुंबल," म्हणाल्या.

फडक्याची ती गोल चुंबळ, खाऱ्या पाण्यात भिजलेली, वर मिठाची पाटी. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत ती डोक्यावर फिरत असायची. वन्सचे केस सरळ, ते गळून गेले. तुझे कुरळे, ते एकमेकांना धरून बसले.

"तरीच," वन्स म्हणाल्या, "माज्याकडं देवी फिरकली नाय." मग सुप्रियाकडे वळून, "उभी काय राहिलीस? तेल आन खोबऱ्याचं. पार्लरवाली निघाली मोठी."

रोज दुपारी आम्ही बसायचो. गॅलरीत उन्हाला ऊर्वी खाली, मी मागे स्टुलावर, वन्स तेलाची वाटी धरून. तुर्भ्याला परत जायचं नाव नाही. पाणी शिंपडायचं, कंडिशनर चोपडायचं, क्रोशाच्या सुईने एकेक केस बाहेर काढायचा. ऊर्वी खालून हुकूम सोडायची, "आजी, ओढू नकोस. टोकाकडून. खालून वर." माझा हात सवयीने वर जायचा आणि वन्स मनगटावर चापट मारायच्या. आतून मेलेले केस निघायचे, जे कधीच गळाले होते पण बाहेर पडायला वाट नव्हती. सुप्रिया बँकेतून आली की आधी चप्पल काढायची की आधी डोकं बघायची, सांगता यायचं नाही. एका संध्याकाळी वन्सना म्हणाली, "आत्या, अर्धी देवी गेली की हो." वन्स म्हणाल्या, "उरलेली तू काड, हात धुऊन ये."

शनिवारी सुटला सगळा. कापावा लागला नाही, बाय. चिमूटभरसुद्धा नाही.

ऊर्वी न्हाऊन आली आणि गॅलरीत पाठमोरी उभी राहिली. ओले केस गुडघ्याखाली. उन्हात वाळत गेले तशी एकेक वळी वर चढत गेली, पोटरीवरून मांडीवर, मांडीवरून कमरेवर. आणि मला भीती वाटली. आनंद तर होताच, इतका की मी हसत होते, पण अंगावर काटा होता. कारण ती तू होतीस. तुझी तशी पाठ मी कधी पाहिलीच नव्हती. अशी दिसली असतीस तू. वन्सही बघत होत्या. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "मंजे." ऊर्वीने वळून पाहिलं, "कोण, आत्याआजी?"

म्हणून आज तुझं फडकं सोडलं. ऊर्वी कॉलेजला जाताना तिच्या कंडिशनरची बाटली काढून ठेवून गेली. म्हणाली, "मावशीआजीला माझ्याकडून."

भिजवलं, तेल चोळलं, टोकाकडून बसले. तुटलेल्या बाजूचे, मुळाकडचे केस पांढरे आहेत, म्हातारपणचे. पण गाठ टोकाला आहे. केस मुळातून वाढत गेला, तशी ती गाठ खाली खाली सरकत गेली. तिथे एकही पांढरा नाही. काळे आहेत, जरासे उन्हाने करपलेले. ते तुझ्या सोळाव्या वर्षाचे केस आहेत, बाय. ऊर्वीएवढी होतीस तेव्हाचे. मिठागरावरचे.

पुष्कळ वेळाने एक बट सुटली. बोटभरच. ओली होती तोवर सरळ लोंबत होती. मग वाळली, माझ्यादेखत वर चढली, आणि माझ्या बोटाला वेढा घालून बसली. धरून ठेवल्यासारखी. मी हात सोडवला नाही. तशीच बसून राहिले. जट तुटली त्या दिवशी तू डोक्यावरून हात फिरवत म्हणाली होतीस, "हलकं वाटतंय गो, पन दुसऱ्या कुनाचं डोकं असल्यासारखं." आज तुझं तुला सापडलं का?

विचारायचीस ना, आत काय हाय? आज बघितलं. नाग नाही. केस हायत, कुरळे. दुसरं काही नाय.

आता माझं ऐक. रोज दुपारी भांडी झाली की मी बसेन. खालून वर, न ओढता. वन्सनी वाटी धरायचं कबूल केलंय, आणि माझे डोळे दमले तर पुढचं ऊर्वी करील. शेवटची बट सुटली की तुझे केस शिकेकाईने धुवीन, गॅलरीत उन्हाला वाळवीन, सैल वेणी घालीन आणि त्यात गजरा माळीन. या वेळी मी ओवून. हळदकुंकू लावणार नाही. मग खाडीवर जाऊ, वन्स, ऊर्वी आणि मी, आणि वेणी पाण्यात सोडू.

तोवर कुकरची शिट्टी झाली की हाक मार. मी आता मान वर करीन.

तुझ्या कमरेला लागणारी,
जनी