बिनबटणांच्या शर्टांची वेबसाईट

२ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. पुढे कोणी विचारलं की सुरुवात कशी झाली, तर आठवायला नको.

सुरुवात अशी. एकोणीस वर्षं छापखान्यात डिझायनर म्हणून घासली. पावतीपुस्तकं, औषधांची खोकी, दुकानांच्या पाट्या. डिसेंबरात मालक म्हणाले, काम कमी झालंय, तुम्ही तुमचं बघा आता. मी तिथल्या तिथे राजीनामा दिला. निर्णय घ्यायला मला वेळ लागत नाही.

आता मी छोट्या ऑनलाईन व्यवसायांचा वेबसाईट सल्लागार आहे. कार्डं छापून आली. त्याच छापखान्यातून. 'सल्लगार' असं छापलंय. काना खाल्ला. पाचशे कार्डांवर. प्रूफ मी तपासलं होतं, पण म्हणून काय त्यांनी डोळे मिटून छापायचं?

संकल्प: रोज एक टिप लिहायची. शंभर झाल्या की पुस्तक.

टिप १. ग्राहकाला थक्क करा.

३ फेब्रुवारी

पहिलं काम मिळालं. ताईचं. घरचं काम आहे म्हणून हलक्यात घेणार नाही.

तीन वर्षांपूर्वी भावोजींना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. शर्टाची बटणं लागेनात. रोज सकाळी ताई लावायची आणि भावोजी तेवढा वेळ भिंतीकडे बघत बसायचे. एके दिवशी ताईने त्यांचा एक शर्ट उसवला, आत वेल्क्रोची पट्टी लावली आणि वरून नुसती दिसायला बटणं शिवली. भावोजींनी तो डाव्या हाताने घातला, जिना उतरले आणि स्वतः जाऊन पेपर घेऊन आले. दवाखान्यात कोणीतरी विचारलं, हा शर्ट कुठे मिळतो? तिथून धंदा सुरू. आता मागच्या खोलीत दोन मशीन आहेत आणि शेजारच्या काकू शिवायला येतात.

ताई म्हणाली, साधी साईट कर रे. शर्ट दिसावा, माप सांगता यावं, मागवता यावा. बास.

साधी! मी हसलो. बिचारीला काय माहीत.

११ फेब्रुवारी

विचार चालू आहे. अजून काही केलेलं नाही, पण विचार हेच काम असतं. बायकोला हे पटत नाही. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. तिथे विचार करायला वाव नाही.

टिप ४. वस्तू दाखवू नका. वस्तूची भावना दाखवा.

(टिप २ आणि ३ नंतर.)

१९ फेब्रुवारी, दुपारी

सापडलं! साईट उघडली की आधी पांढरा पडदा. मग एक सुई येते. सुई हळूहळू दोरा ओढत जाते आणि त्या दोऱ्यातून अक्षरं उमटतात. बावीस सेकंद. मध्येच थांबवता येणार नाही, तशी सोय मी ठेवलेलीच नाही. अक्षरं फिक्या राखाडी रंगात, बारीक. पांढऱ्यावर राखाडी म्हणजे पानाला श्वास घेता येतो.

शर्टाचे फोटो काढले. अगदी जवळून, थोडे धूसर. ताईने विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, कॉलर. ती म्हणाली, मला वाटलं डोंगर. हेच तर हवं होतं मला!

१ मार्च

मुख्य कल्पना आज सुचली. ऑर्डरचं बटण. सगळ्या जगाचं बटण एका जागी ठोकल्यासारखं बसलेलं असतं. माझं तरंगतं. पानभर अलगद फिरत राहतं, बोट जवळ आलं की जरा बाजूला सरकतं. ग्राहकाने थोडं मागे लागावं. सहज मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही.

बायकोला दाखवलं. ती म्हणाली, अहो, अक्षरंच दिसत नाहीयेत. मी म्हटलं, चष्मा बदल. ती म्हणाली, आमच्याकडे येणारी निम्मी माणसं गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव माझ्याकडून वाचून घेतात, ती हे कसं वाचणार? मी म्हटलं, ही साईट त्यांच्यासाठी नाहीच. मग कोणासाठी आहे, म्हणाली.

मी आमटी वाढून घेतली. जेवताना वाद घालू नये.

९ मार्च

ताईचा फोन. पुनर्वसन केंद्रातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई आपल्या पत्रकात साईटचा पत्ता छापणार आहेत. पंधरा तारखेला. ते पत्रक प्रत्येक पेशंटच्या घरी जातं. ताईने त्या भरवशावर तिसरं मशीन घेतलं आणि काकूंना पूर्ण दिवसाचं काम कबूल केलं. काकूंनी दुसरीकडची स्वयंपाकाची कामं सोडली.

ताई विचारत होती, नक्की होईल ना वेळेत? माझ्यावर विश्वास नाही! सख्ख्या बहिणीचा! रागाने फोन ठेवला आणि रागातच दोन तास झोपलो.

१५ मार्च, सकाळी १०.००

साईट सुरू. पत्रक गेलं. आता काकूंना तिसरं मशीनही पुरणार नाही.

१५ मार्च, संध्याकाळी ६.००

एकशे चाळीस लोक येऊन गेले. ऑर्डर शून्य. लोक भारावलेत. भारावलेला माणूस लगेच खरेदी करत नाही.

१७ मार्च

तीनशे वीस लोक. शून्य. एक माणूस सरासरी नऊ सेकंद थांबतो. नऊ! सुई अजून पहिल्या अक्षराच्या वेलांटीवर असते तेव्हा! लोकांना झालंय काय? कुठे जायचंय यांना एवढ्या घाईने? आजारी आहेत ना? घरीच असतील ना दिवसभर? मग बावीस सेकंद बसायला काय होतं?

आज जेवणात मीठ नव्हतं. बायको म्हणाली, आहे. या घरात माझं काही खरं धरायचंच नाही, असं ठरलंय.

१९ मार्च, सकाळी ११.२०

ऑर्डर आली!!

१९ मार्च, सकाळी ११.३५

माझीच होती. टेस्टिंगची. सोमवारी टाकलेली, नोंद आज दिसली.

२० मार्च

खोलात गेलो. दोष माझ्याकडे आहे. मी माणसांना फार सहज आत येऊ देतोय. उंबरठा हवा. म्हणून आता सुईच्या आधी एक प्रश्नावली टाकली. चौदा प्रश्न. पहिला: 'वस्त्र म्हणजे तुमच्यासाठी काय?' निदान पन्नास शब्दांत.

टिप ५. ग्राहकाला आधी स्वतःचा शोध घेऊ द्या.

२३ मार्च

उत्तर एकच आलं. पहिल्या प्रश्नाला. 'शर्ट हवा आहे शर्ट हवा आहे शर्ट हवा आहे', असं पन्नास शब्द होईपर्यंत. टवाळखोर लोक. कलेची चेष्टा करायला यांच्याकडे वेळ आहे. त्यानेही ऑर्डर दिलेली नाही. आता मी याचं उत्तर वाचत बसू?

२५ मार्च, दुपारी ४.००

डोकं तापलंय, तरी लिहितो.

ताईचा फोन आला. म्हणाली, चिडू नकोस. मी तिथेच चिडलो. म्हणाली, काकू दहा दिवस मशीनपाशी नुसत्या बसून आहेत, आज चिंध्यांची पायपुसणी शिवत होत्या, मला त्यांच्याकडे बघवत नाही. केंद्रातल्या बाई सांगतात की पेशंट विचारतायत शर्ट मागवायचा कसा. तू ते फिरणारं बटण एका जागी लाव ना. आणि अक्षरं मोठी कर.

मी म्हटलं, तुझ्या शिवणात मी बोलतो का? काजं कुठे करायची ते सांगतो का? ती म्हणाली, माझ्या शर्टांना काजंच नसतात.

मी म्हटलं, तुला नुसते शर्ट विकायचेत, की बघून माणसाच्या पोटात कालवाकालव व्हावी असं काही करायचंय? ती म्हणाली, विकायचेत.

मग मी म्हटलं, साईट उत्तम आहे. तुझ्या पांगळ्या गिऱ्हाइकांना बटण दाबता येत नसेल, तर तो माझा दोष नाही.

मी हॅलो हॅलो केलं. मग ताई हळूच म्हणाली, फोन स्पीकरवर आहे रे. हे इथेच बसलेत.

भावोजी खाकरले. म्हणाले, असू दे.

स्पीकरवर ठेवताना समोरच्याला सांगायची पद्धत असते! एवढं साधं कळू नये? मी फोन कट केला.

२६ मार्च

ताईचा फोन नाही. आपण करायचा प्रश्नच नाही. चूक तिची आहे.

२९ मार्च

फोन नाही. बायको म्हणाली, जाऊन या एकदा. मी म्हटलं, कामात आहे. कपाट आवरलं.

२ एप्रिल

कट उघडकीला आला!

बायकोच्या मोबाईलवर पाहिलं. ताईने दुसरी साईट केली आहे. स्वतः! अठ्ठावन्न वर्षांची बाई, जिला मेसेज पुढे पाठवायला मी शिकवलं! भावोजी दुपारी झोपले की बसायची म्हणे. दोन दुपारी. रेडिमेड टेम्प्लेट! फुकटातलं!

काय आहे त्यात? काही नाही. वर भावोजींचा फोटो. निळा शर्ट, डावा हात कॉलरवर, उजवा मांडीत. केस नीट विंचरलेले. खाली एवढ्या मोठ्या काळ्या अक्षरांत: 'हा शर्ट एका हाताने घालता येतो. माझे यजमान रोज घालतात.' त्याखाली फोन नंबर. 'माप माहीत नसेल तर फोन करा, आपण बोलून ठरवू.' आणि एक हिरवं बटण. गप्प बसलेलं.

रचना नाही, वातावरण नाही, सुई नाही. केंद्रातल्या बाईंनी सगळ्यांना नवीन पत्ता मेसेजवर कळवलासुद्धा. पहिल्या दिवशी एकोणीस ऑर्डरी. काकू जेवायला घरी गेल्या नाहीत.

हे सगळं बायकोला माहीत होतं. फोटो तिनेच काढला!

४ एप्रिल

संताप. जाऊन तोंडावर सांगणार आहे. कागदावर मुद्दे काढले. बारा झाले. सातवा मुद्दा फार कडक आहे, तो वाचताना आवाज चढवायचा नाही, उलट खाली आणायचा. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं.

५ एप्रिल, दुपारी

गेलो होतो.

मागच्या खोलीत तिन्ही मशीन कापडाखाली बुडालेली. काकूंनी मान वर केली नाही. ताईच्या तोंडात टाचण्या. मी खिशातून कागद काढतोय, तेवढ्यात फोन वाजला. ताईने मानेनेच खुणावलं, घे. भावोजींनी डाव्या हाताने ऑर्डरची वही माझ्यापुढे सरकवली. मी घेतला फोन. तो वाजत असताना मुद्दे कसे सांगणार?

पलीकडे एक म्हातारे गृहस्थ. सावकाश बोलत होते. उजवा हात थरथरतो म्हणाले, दोन वर्षं झाली. शर्ट स्वतःसाठीच हवाय. मग म्हणाले, हे नवीन पान आलं ते फार बरं झालं हो. आधी त्या पत्रकातल्या पत्त्यावर चार दिवस बसलो होतो. बटण काही बोटाखाली येईना. जवळ नेलं की निसटायचं. मला वाटलं, हात आणखी गेला. मुलीला सांगितलं नाही, उगाच घाबरली असती. गुपचूप डॉक्टरांची वेळ घेतली.

मी म्हटलं, हात ठीक आहे तुमचा. ते बटणच हलत होतं.

हलत होतं? म्हणाले. म्हणजे मुद्दाम?

मी म्हटलं, हो.

त्यांनी विचारलं, असं कोणी केलं?

ताईचं मशीन थांबलं.

मी म्हटलं, बाहेरून करून घेतलं होतं.

मशीन पुन्हा सुरू झालं. भावोजी खिडकीबाहेर बघत होते.

मी माप विचारलं. कॉलर साडेपंधरा. रंग निळा, फोटोतल्यासारखा. बाह्या जरा आखूड, जेवताना मध्ये येतात. लिहून घेतलं. पत्ता परत वाचून दाखवला. गृहस्थांचा आवाज एकदम मोकळा झाला होता. म्हणाले, आता डॉक्टरांची वेळ रद्द करून टाकतो, मोठं ओझं उतरवलंत तुम्ही. तुमचं नाव तरी सांगा.

मी ताईचं सांगितलं.