मिठाचा डबा वरच्या फळीवर

आये, तुझ्या लेकाचं मीठ पुन्हा बंद झालंय. या वेळी कावीळ नाही, किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा मी त्याला डायलिसिसला नेते, रिक्षात माझ्या खांद्यावर मान टाकून बसतो. दवाखान्यात काय खायचं ते सांगणाऱ्या मॅडम आहेत, त्यांनी कागद दिला. ताजी मासळी, कोंबडी, अंड्याचा पांढरा भाग, मीठ नावाला. मी विचारलं, सुकी मासळी चालेल का, ताजी रोज नाही परवडत. "नहीं आंटी, उसमें तो नमक ही नमक है, इनके लिए ज़हर है." जहर म्हणे! आपण त्याच्यावरच वाढलो ना गं? बाबा मिठागरावर, घरात मिठाचं पोतं, पावसाळाभर भाताबरोबर खारा बांगडा. गरिबाला परवडेल ते सगळं नेमकं खारटच कसं असतं, हे त्या मॅडमना विचारायचं राहिलं.

त्याच्या काविळीचा महिना आठवतो तुला? मी दहाची, तो सहाचा. राई गावातल्या घरात तू मिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवलास आणि म्हणालीस, "यो अळणी खातो, तं आख्खा घर अळणी खाल." बाबा पायांवर मिठाची खपली घेऊन घरी येतात आणि मुकाट बिनमिठाची पेज पितात, अजून दिसतं मला. पाचव्या दिवशी हा रडायला लागला म्हणून मी घरामागे बांगड्याचा तुकडा भाजून त्याला भरवला. वासावरून पकडलंस. काय कानाखाली दिलीस! "भावाला मारतंस काय गं?" आणि मग स्वतःच चुलीपुढे बसून रडलीस. महिन्याने तो अंगणात धावायला लागला, तेव्हा तूच डबा खाली काढलास आणि प्रत्येकाच्या पेजेत चिमूट चिमूट टाकलीस.

तेव्हा निदान महिना संपणार होता.

मी काही कमी केलं नाही हां, सांगून ठेवते. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंग करते, सुटल्यावर बाजार उठायच्या वेळेला जाते, तेव्हा दुधी, कोबी स्वस्तात सुटतो. पाली गावची एक कोळीण मावशी टोपलीतलं उरलेलं बारीक म्हावरं देते, "घे गं, तुझ्या भावाला." अंड्याचं पांढरं त्याला, पिवळं मला. आणि तुझ्यासारखीच मीही अळणी खायला लागले. तीन महिने टिकले. मग कारखान्यात बायकांच्या डब्यातलं लोणचं खाऊ लागले, घरी त्याच्यासमोर तोंड वाकडं करून दुधी गिळते. त्याला वाटतं ताई आपल्यासोबत आहे. एवढं करूनही वजन उतरतंच आहे त्याचं. डॉक्टर पूर्वी ओरडायचे, आता म्हणतात, "जितना हो सके, करो." ओरडत होते तेच बरं होतं.

रविवारी म्हणाला, "ताई, एकदा खारा बांगडा भाज. एकदाच." मी फाडफाड बोलले त्याला, मेलास तर मला विचारू नकोस, असलं काहीतरी. तो "बरं" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. पूर्वी भांडायचा तरी. ते "बरं" मला दोन दिवस कारखान्यात ऐकू येत होतं.

काल आणला. गॅसवर भाजला, तेव्हा समोरच्या गुजराती बेनने धाडकन खिडकी लावली. दोन घासांचा तुकडा त्याने अर्धा तास पुरवला. बोटं चाटली. कितीतरी महिन्यांनी स्वतःहून म्हणाला, "अजून थोडा भात दे." मी वाढला, आणि सवयीने दाराकडे बघितलं, तू वासावर येशील म्हणून. कोणी आलं नाही.

तुला लिहिलेला हा कागद मी त्याच मिठाच्या डब्याखाली ठेवतेय. त्याला सांगितलंय की बांगडा तीन पाणी भिजवून, सगळा खार काढून दिला. नव्हता भिजवला गं. एक पाणीसुद्धा नाही.