पट्टी गायब झाली तर

बाबा,

"पोरी, बॅटरीचा उजेड धर गं, हात हलवू नकोस!" माझ्या लहानपणी तुम्ही दुरुस्तीला घड्याळ उघडलं की ही हाक घरभर घुमायची. आता कॉम्प्युटरचं तुमचं तुम्हीच बघायचं, जमेल.

टास्कबार, म्हणजे स्क्रीनच्या तळाची चित्रांची पट्टी, लावून ठेवलाय. आधी गिऱ्हाइकांची यादी, मग सुट्या भागांची ऑर्डर, शेवटी पत्ते. तुम्हाला रोज लागतात त्याच क्रमाने. पट्टी गायब झाली तर बाण स्क्रीनच्या तळाशी न्या, ती वर येईल. तिच्या मोकळ्या जागेवर माउसचं उजवं बटण दाबा, सेटिंग्ज उघडा, 'आपोआप लपवा' यासमोरची खूण काढा. चित्रं दाबूनही काही उघडलं नाही, तर कॉम्प्युटर बंद करून चालू करा. मागच्यासारखा स्क्रूड्रायव्हर घेऊन डबा खोलू नका, पट्टी आत पडलेली नसते!

मी कामावर निघालेय. एक सांगायचं राहिलंय. तुमच्या घड्याळांच्या दुकानात बसणार नाही असं मी म्हटल्यापासून तुम्ही माझ्याशी बोलता ते फक्त पट्टी हरवली की. गेल्या महिन्यात तीनदा ती मीच लपवली होती, बाबा. तुम्ही बोलावं म्हणून.