टेकडीवरचं मराठी

२ ऑगस्ट
या घराची खरी किंमत कागदावर नाहीच. व्हर्जिनियातल्या हर्नडनमधली पत्ते कुटणारी मित्रमंडळी गेली, हवी तेव्हा मिळणारी कोथिंबीर गेली आणि बायकोनं, प्रीतानं, अख्खा आठवडा अबोला धरला. तरी स्वस्त! मागचं दार उघडलं की वेस्ट व्हर्जिनियातली ही बोडकी टेकडी. झाड नाही, नुसतं गुडघाभर गवत आणि वारा. एसी दुरुस्तीच्या धंद्यात मी भिंतीपलीकडचा कंप्रेसर ऐकून बिघाड सांगायचो. हे कान आजवर फसलेले नाहीत.

१० ऑगस्ट
ॲन आर्बरहून लेक आन्या आली. तिला घेऊन टेकडी चढलो. मी पुढे, ती मागे. अर्ध्या वाटेत मागून हाक आली, "बाबा, थांबा ना." जन्मभर डॅड म्हणणारी पोर! इतका हरखलो की न वळताच ओ दिली आणि माथ्यापर्यंत बडबडत गेलो. वळलो तर मागे कोणी नाही. आन्या पार खाली, कुंपणाशी, फोनवर. मराठीचं विचारलं तर म्हणाली, यू विश, डॅड!

११ ऑगस्ट
प्रीता म्हणते, न बघता ओ दिलीतच कशाला? टेकडीवर जे काही आहे त्याला आता तुमची ओळख झाली. मी म्हटलं, मग चहाला बोलावू. सकाळी मुद्दाम एकटा गेलो. तीच हाक, त्याच आवाजात. गवत हलत नव्हतं. ओरडून सांगितलं, मी इथून हटणार नाही. तूच हट.

१३ ऑगस्ट
हाक आता मागच्या दाराशी येते. दार उघडून अस्सल सातारी शिव्या घातल्या. त्यातली एक परत आली. माझ्याच आवाजात—

१४ ऑगस्ट, सकाळ
आन्या घरात नाही. प्रीता म्हणते, तुम्हीच तिला टेकडीवरून हाक मारलीत. मी तर अंघोळीला होतो—

चढतोय. धुकं. रेंज नाही. फोनवर लिहितोय, भीती बोटांत राहू दे, पायांत नको.

"बाबा" ऐकलं तर वळायचं नाही. "डॅड" म्हणेल तीच माझी.

वरून, डावीकडून— "डॅड!" तिचाच आवाज. आलो गं! ओ! बघतोच तुला कोण नेतं—

माथा. इथे कोणी— रेंज आली. प्रीताचा मेसेज. आन्या केव्हाच घरी आलीये, तुम्ही कुठे—