बाबूजींची उघडी गाडी

३ फेब्रुवारी, सोमवार
विकायचीच. ठरलं! बाबूजी गेले, आता त्यांची ती जुनी हेराल्ड गाडी कोण जपणार? टप उघडायचा, साध्वी व्हायला दीक्षा घेणाऱ्या मुलीला नटवून मागच्या सीटवर बसवायचं, ती तांदूळ-नाणी उधळणार, नारायणगावभर वरघोड्याची मिरवणूक फिरणार — एवढ्यासाठीच सासऱ्यांनी ती ठेवलेली. एरवी गोडाऊनमध्ये झाकून. म्हणून तर इतक्या वर्षांत जेमतेम चार हजार किलोमीटर चाललीय.

दर वेळी त्या मुलीची आई मागून रडत चालते. मला ती गाडी दारात नको. आमची स्नेहल चातुर्मासापासून दिवसभर जैन स्थानकात साध्वींजवळच असते. मला काय कळत नाही?

५ फेब्रुवारी, बुधवार
भरत मेकॅनिक आला. बॅटरी बदलली तर लगेच सुरू झाली मेली! "वहिनी, लई जपलीय राव म्हाताऱ्यानं. अशी गाडी पुन्हा न्हाई गावायची. इकू नका." तुझ्या पोरीला बसव म्हणावं तिच्यात! चहा दिला.

यांना विचारलं, तर म्हणे, "तुला वाटेल ते कर." बापाची गाडी, आणि एवढंच?

७ फेब्रुवारी, शुक्रवार
स्नेहलला पुण्याचं स्थळ आलंय. मुलगा सीए. फोटो दाखवला. "छान आहे, मम्मी," म्हणाली आणि फोटो पालथा ठेवला.

९ फेब्रुवारी, रविवार
गिऱ्हाईक आलं — पुण्याचे नवरा-बायको. लग्नाच्या वरातींना भाड्यानं देणार म्हणे. इतकं बरं वाटलं! बसू दे नवरानवरी. त्यांनी मागण्याआधीच मी किंमत उतरवली. हे बघतच राहिले.

स्नेहलनं स्वतः फडकं मारलं, किल्ली त्यांच्या हातात दिली. तिच्या डोळ्यांत टिपूस नाही. भोकाड पसरलं ते मीच! सुटले बाई एकदाची.

१० फेब्रुवारी
झोप लागली. कित्येक महिन्यांनी.

१२ फेब्रुवारी, बुधवार
गाडीचा चेक भरायला निघाले. स्नेहलनं हात धरला. "मम्मी, ते पैसे राहू देत. माझ्या वरघोड्यात वाटायला होतील."

"वरघोडा? गाडी कुठाय आता?"

"चालत जाईन की. साध्वीला पुढं जन्मभर पायीच चालायचं असतं."

यांच्याकडे पाहिलं. मान खाली. दीक्षेला संमती महिन्यापूर्वीच देऊन बसलेत म्हणे! आणि मी गाडी विकत बसले.